प्रस्तावना: बँडसमोरचा गायक

जॅझचा इतिहास बहुतेक वेळा वादकांच्या वंशावळीसारखा सांगितला जातो. न्यू ऑर्लिन्समध्ये कोणी कॉर्नेट वाजवला, शिकागोत त्याचं पुढे काय झालं, न्यूयॉर्कमध्ये कोणत्या सॅक्सोफोनवादकाने कोणाकडून काय उचललं, अशी ती पिढ्यांची साखळी. तिच्यात गायकांना जागा मिळते, पण जरा मागची. आणि जो स्वतः गातो, नाचतो, श्रोत्यांना बोलतं करतो, पंधरा-सोळा वादकांचा पगार भागवतो, पुढच्या गावचा मुक्काम ठरवतो आणि रात्री कडक इस्त्रीचा पांढरा सूट घालून बँडसमोर उभा राहतो, त्याच्याबद्दल ‘लोकांचं मनोरंजन करणारा’ एवढंच लिहून इतिहासकार पुढे जातात. हे पुस्तक त्या माणसापाशी थांबतं.

पुस्तकाच्या केंद्रस्थानी कॅब कॅलोवे आहे. २५ डिसेंबर १९०७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जन्मलेला, बाल्टिमोरमध्ये वाढलेला आणि १८ नोव्हेंबर १९९४ रोजी हे जग सोडून गेलेला हा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक साठाहून अधिक वर्षं लोकांसमोर गात होता. कुठल्याही वाद्यावर त्याने नाव कमावलं नाही. तरीही त्याचा बँड अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी बँडांपैकी एक होता, आणि त्या बँडमधून बाहेर पडलेल्या वादकांनी पुढच्या जॅझची दिशा बदलली. रंजन हे हलकं काम मानण्याची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. रंजन हे शिस्तीचं, जोखमीचं आणि अनेकदा धाडसाचं काम आहे. ज्या पैशावर, ज्या मंचावर आणि ज्या श्रोत्यांच्या जोरावर जॅझ वाढला, त्याचा मोठा वाटा गाणाऱ्या बँडलीडरांनी मिळवून दिला.

मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. संगीत नाटकांच्या भरभराटीत केशवराव भोसले, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ हे गाणारे नट होते आणि आपापल्या नाटक मंडळीचे चालकही. ऑर्गनवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांचं पोट एका गळ्यावर अवलंबून असायचं. घसा बसला तर खेळ बंद, खेळ बंद तर बिऱ्हाड अडचणीत. अमेरिकेतला गाणारा बँडलीडर याच दुहेरी ओझ्याखाली जगला. त्यात भर होती ती वर्णभेदाची.

या भूमिकेचा उगम समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या आरंभी बँडचा प्रमुख म्हणजे संगीत बसवून घेणारा आणि कामं मिळवणारा माणूस. जेम्स रीस युरोपने १९१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्लेफ क्लब ही कृष्णवर्णीय वादकांची संघटना उभी केली आणि १९१२ मध्ये तिचा वाद्यवृंद थेट कार्नेगी हॉलमध्ये नेला. नाचाच्या बँडमध्ये गायक मात्र गौण होता. एखादा वादकच वाद्य खाली ठेवायचा, तोंडाशी कर्णा धरायचा आणि दोन कडवी म्हणून परत जागेवर बसायचा. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं, मंचावर आणि रेडिओवर मायक्रोफोन रुळला आणि गाण्याची तऱ्हाच बदलली. आता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला ओरडायची गरज उरली नाही. हळू आवाज, श्वास, शब्दावर घेतलेली लाडिक मुरड, सगळं ऐकू येऊ लागलं. पॉल व्हाइटमनसारख्या बड्या बँडलीडरने बिंग क्रॉस्बीला आणि पुढे मिल्ड्रेड बेलीला खास गाण्यासाठी घेतलं. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हीबी जीबीज’ या ध्वनिमुद्रिकेने स्कॅट, म्हणजे शब्दांवाचून नुसत्या ध्वनींवर गाण्याची रीत, घराघरांत नेली. गळा हेही बँडमधलं एक वाद्य झालं.

इथून पुढे गाणाऱ्या बँडलीडरांच्या ढोबळमानाने चार परंपरा दिसतात. पहिली वादक-गायकांची. आर्मस्ट्राँग, फॅट्स वॉलर, जॅक टीगार्डन, लुई प्रिमा ही माणसं आधी वादक होती, आणि वाद्यावर जे वाक्य वाजवत तेच गळ्यातून काढत. दुसरी परंपरा निव्वळ अग्रगायकाची. हातात छडी, पायांत नाच, गळ्यात सगळं नाटक. कॅब कॅलोवे आणि त्याची थोरली बहीण ब्लांश या परंपरेतले. तिसरी परंपरा बँडच्या गायिकेकडे वा गायकाकडे नेतृत्व येण्याची. ड्रमवादक चिक वेब १९३९ मध्ये वारला आणि त्याच्या बँडची धुरा जेमतेम बावीस वर्षांच्या एला फिट्झजेराल्डच्या नावावर आली. १९४२ पर्यंत तो बँड तिच्या नावाने चालला. बिली एक्स्टाइन हा अर्ल हाइन्सच्या बँडमधला गायक. त्याने १९४४ मध्ये स्वतःचा बँड काढला आणि त्यात डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, आर्ट ब्लेकी, सारा वॉन यांना घेतलं. बीबॉप या नव्या शैलीला मोठ्या बँडचं पहिलं घर एका गायकाने दिलं, हे विसरलं जातं. चौथी परंपरा छोट्या बँडची. लुई जॉर्डनने आपल्या टिम्पनी फाइव्हमधून विनोद, ब्लूज आणि ठेका यांची जी गाठ बांधली, तिच्यातूनच ऱ्हिदम अँड ब्लूज आणि पुढे रॉक अँड रोल निघाले. या चारांखेरीज कॅन्सस सिटीची वेगळी वाट आहे. काउंट बेसीच्या बँडमधल्या जिमी रशिंगसारख्या दमदार ब्लूज गायकांची. ते लीडर नव्हते, पण बँडला भिडून गाण्याचा त्यांचा जोर सगळ्यांनी उचलला.

कॅलोवेची घडण या सगळ्याच्या मधोमध झाली. वडील वकील, आई शिक्षिका. मुलाने वकील व्हावं ही घरची इच्छा. त्याने लहानपणी आवाजाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि शिकवणाऱ्यांना जॅझ नापसंत असूनही तो बाल्टिमोरच्या क्लबांतून गाऊ लागला. ब्लांश आधीच मंचावर नाव कमावून होती. तिच्या पावलावर पाऊल टाकून तो शिकागोत गेला आणि तिथे सनसेट कॅफेत आर्मस्ट्राँगला जवळून ऐकलं. १९२९ मध्ये अलाबामियन्स हा बँड घेऊन तो न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये उतरला आणि आपटला. मग ‘हॉट चॉकलेट्स’ या संगीतिकेत काम मिळालं, आणि त्यानंतर मिझूरियन्स या तयारीच्या बँडने त्याला आपला पुढारी केलं. १९३१ मध्ये हार्लेमच्या कॉटन क्लबने ड्यूक एलिंग्टनच्या जागी या बँडला घेतलं, तेव्हा कॅलोवे तेवीस वर्षांचा होता.

लेनॉक्स ॲव्हेन्यू आणि १४२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हा क्लब ओनी मॅडन या गुंडाच्या मालकीचा होता. मंचावर कृष्णवर्णीय, टेबलांवर गोरे. पण तिथून रेडिओचं प्रक्षेपण देशभर जात असे, आणि त्या लहरींना क्लबच्या दारावरची बंदी लागू नव्हती. त्याच वर्षी ३ मार्चला ‘मिनी द मूचर’ मुद्रित झालं. या गाण्यात कॅलोवे निरर्थक अक्षरांची एक ओळ टाकतो आणि बँड व श्रोते ती झेलून परत करतात. आपल्या कीर्तनात वा पोवाड्यात झील धरतात तसंच. एकदा रेडिओवर थेट गाताना शब्द आठवेनात म्हणून ही अक्षरं तोंडून निघाली, अशी हकीकत तो स्वतः सांगत असे. पुढच्या फेऱ्यांत ही अक्षरं लांबत जातात, वळणं घेतात, आणि शेवटी श्रोत्यांना जमणार नाहीत इतकी अवघड होतात. श्रोत्याला आधी आत घ्यायचं, मग हसत हसत त्याची दमछाक करायची. यामागे पक्का हिशेब आहे आणि त्याहून पक्का गळा आहे.

मॅक्स फ्लायशरच्या स्टुडिओने हे गाणं १९३२ मध्ये बेटी बूपच्या व्यंगपटात घेतलं. कॅलोवेचा नाच आधी कॅमेऱ्यावर टिपला आणि त्या चौकटींवरून एकेक चित्र काढलं. पडद्यावर भूत होऊन नाचणारा वॉलरस त्याच्याच पावलांनी सरकतो. पुढच्या वर्षीच्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये विदूषक कोको त्याचीच चाल चालतो. मागे घसरत जाणारी ती पावलं ज्यांनी पाहिली, त्यांना मायकेल जॅक्सनचा मूनवॉक अचानक उगवलेला वाटणार नाही.

या झगमगाटामुळे त्याच्या बँडकडे दुर्लक्ष झालं, आणि हे पुस्तक ती चूक दुरुस्त करू पाहतं. बेन वेब्स्टर, चू बेरी, कोझी कोल, जोना जोन्स, बासवादक मिल्ट हिंटन असे एकाहून एक वादक त्याच्याकडे होते. हिंटन १९३६ पासून दीड दशक त्याच्याबरोबर राहिला आणि त्या प्रवासाची छायाचित्रं काढत गेला. कॅलोवे पगार चांगला देई आणि शिस्त कडक पाळायला लावी. १९३९ मध्ये गिलेस्पी आला. क्यूबाचा ट्रम्पेटवादक मारिओ बाउझा आधीपासून बँडमध्ये होता, आणि त्याच्याकडून गिलेस्पीने क्यूबन तालांची गोडी घेतली. आफ्रो-क्यूबन जॅझ नावाची जी शाखा नंतर फोफावली, तिचं बीज एका ‘रंजनकारा’च्या बँडच्या मागच्या रांगेत पडलं. गिलेस्पीचे नवे, वाकडेतिकडे सोलो कॅलोवेला रुचत नसत. १९४१ मध्ये मंचावर कागदाचा बोळा फेकल्याचा आळ गिलेस्पीवर आला, हातघाई झाली, चाकू निघाला, आणि गिलेस्पीची नोकरी गेली. बोळा प्रत्यक्षात जोना जोन्सने फेकला होता. मालक म्हणून कॅलोवेचा ताठा आणि श्रोता म्हणून त्याची मर्यादा, दोन्ही या प्रसंगात दिसतात. मी ती दोन्ही झाकलेली नाहीत.

दक्षिणेतल्या दौऱ्यांशिवाय ही कारकीर्द समजत नाही. तिथे कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात जेवण मिळत नसे. कॅलोवेने बँडसाठी रेल्वेचा स्वतंत्र पुलमन डबा भाड्याने घेतला. झोपायची सोय झाली, अपमान टळला. हे थाटाचं प्रदर्शन म्हणून सांगितलं जातं, पण वादकांना ते संरक्षण होतं. ज्यांच्याकडे असा डबा नव्हता त्यांचं काय होई, हे ब्लांशच्या आयुष्यात दिसतं. केवळ पुरुष वादकांचा बँड चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या याझू सिटीला पेट्रोल पंपावरचं गोऱ्यांसाठी राखलेलं स्वच्छतागृह वापरलं म्हणून तिला अटक झाली. ती कोठडीत असताना बँडमधल्याच एकाने पैसे घेऊन पोबारा केला. गाडी विकून तिला तिथून निघावं लागलं, आणि १९३८ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. भावाला जे अंगभर यश मिळालं, ते तितक्याच गुणांच्या बहिणीला का मिळालं नाही, हा प्रश्न पुस्तकभर सोबत राहतो.

हसतमुख रंजन म्हणजे लाचारी, असा आरोप या पिढीवर पुढच्या पिढीने केला. आर्मस्ट्राँगवर तो सर्वांत जास्त झाला. पण १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेलं, तेव्हा त्याच आर्मस्ट्राँगने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उघड टीका केली आणि सरकारतर्फे ठरलेला सोव्हिएत रशियाचा दौरा नाकारला. मंचावरचं हसू आणि मनातला ताठ कणा एकाच माणसात नांदू शकतात, हे त्या पिढीला नीट ठाऊक होतं.

मोठे बँड का बुडाले, याचं उत्तर ‘लोकांची आवड बदलली’ एवढ्यावर संपत नाही. युद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायरांवर नियंत्रण आलं, दौरे आटले. १९४२च्या ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. गायक त्या संघटनेचे सभासद नव्हते, म्हणून कंपन्या नुसत्या गळ्यांच्या साथीवर त्यांची गाणी काढत राहिल्या, आणि संप संपेपर्यंत गायक बँडपेक्षा मोठा झाला. १९४४ मध्ये जिथे नाच वा गाणं चालतं अशा जागांवर संघराज्य सरकारने आधी तीस आणि मग वीस टक्के कर बसवला. नुसत्या वाद्यसंगीताला तो लागू नव्हता. छोट्या क्लबांत बसून ऐकायचा बीबॉप वाढला, त्याचं एक कारण या करात आहे. नाचणारा, गाणारा मोठा बँड चालवणं म्हणजे तोटा, असं गणित होऊन बसलं. १९४०चं दशक सरता सरता कॅलोवेनेही मोठा बँड मोडला. घोड्यांच्या शर्यतींत उडालेल्या पैशाचाही त्या तंगीत हात होता.

इथे बहुतेक बँडलीडरांच्या गोष्टी संपतात. कॅलोवेची नव्याने सुरू होते. १९५२ पासून गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मध्ये त्याने स्पोर्टिंग लाइफची भूमिका केली. १९६७ मध्ये ब्रॉडवेवर पर्ल बेलीबरोबर ‘हॅलो, डॉली!’च्या कृष्णवर्णीय संचात तो उभा राहिला. १९८० मध्ये ‘द ब्लूज ब्रदर्स’ चित्रपटात बहात्तराव्या वर्षी त्याने पुन्हा पांढरा सूट चढवला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं गाणं नव्या पिढीकडून झेलून घेतलं. १९९३ मध्ये त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक मिळालं. बँड गेला तरी बँडसमोर उभं राहून कमावलेलं कसब उरलं. श्रोता कुठे श्वास घेतो, कुठे कंटाळतो, कुठे उठून उभा राहतो, याची जाण त्याला आयुष्यभर पुरली.

हा सगळा प्रवास मुंबई आणि गोव्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून मराठी वाचकाला त्यात आपला वाटा आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यानंतर आलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड भारतातच रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. हळदोण्याचे अँतोनियो झेव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू आणि गाऊ लागले, आणि लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांना हिंदी चित्रपटसंगीतात आणलं. ‘अलबेला’मध्ये भगवान दादांच्या नाचाला जी लय मिळाली, तिच्यामागे हार्लेमचे बँड आहेत. पुढे चर्चगेटच्या क्लबांत क्रिस पेरींच्या बँडसमोर लोर्ना उभी राहिली, तेव्हा या परंपरेला कोंकणी गळा मिळाला. आपल्या कानांना ही गाणी परकी वाटत नाहीत, याचं श्रेय या माणसांना आहे.

आज हे सारं का वाचावं? गाणं आता बहुतांशी एकट्याने, बंद खोलीत तयार होतं आणि एकट्याच्या कानात वाजतं. त्याला माझा विरोध नाही. पण बँड ही वादकाला महिन्याचा पगार देणारी, नव्याला जुन्याशेजारी बसवून शिकवणारी संस्था होती, आणि ती गेल्यावर काय गेलं याचा हिशेब आपण मांडलेला नाही. दुसरं कारण स्मृतीचं. बाल्टिमोरमधलं कॅलोवेच्या लहानपणचं घर कुटुंबीयांच्या विनवण्या डावलून २०२० मध्ये पाडलं गेलं. ज्याला आपण नुसता रंजनकार मानतो, त्याचं घर जपावंसं कोणाला वाटत नाही. आपल्याकडेही गंभीर गाणं आणि लोकांचं गाणं अशी जी भिंत आहे, तिच्या पलीकडे राहिलेल्या कलावंतांची कागदपत्रं, ध्वनिमुद्रिका, छायाचित्रं याच मनोवृत्तीमुळे हरवत आली आहेत.

या पुस्तकात कॅलोवेचं चरित्र त्याच्या कामाच्या जागांवरून सांगितलं आहे: क्लब, रेडिओ, रेल्वेचा डबा, चित्रपटाचा सेट, नाट्यगृह. प्रत्येक ठिकाणी गळ्याला काय करावं लागलं आणि पैसा कुठून येत होता, हे दोन्ही एकत्र पाहिलं आहे, कारण त्याच्या आयुष्यात ते कधी वेगळे नव्हते. ब्लांश, एला, एक्स्टाइन, जॉर्डन यांची आयुष्यं या कथेला समांतर चालतात. संगीताची परिभाषा अडली तिथे साध्या मराठीत सांगितली आहे, त्यामुळे स्वरलिपी न येणाऱ्या वाचकाने बिचकू नये. मात्र एक विनंती आहे. १९२६चं ‘हीबी जीबीज’, १९३१चं ‘मिनी द मूचर’, गिलेस्पीने कॅलोवेच्या बँडसाठी रचलेलं १९४०चं ‘पिकिंग द कॅबेज’ आणि १९४३च्या ‘स्टॉर्मी वेदर’ चित्रपटातला निकोलस बंधूंचा नाच, एवढं ऐकून-पाहून मग वाचायला बसा. कॅलोवे काय कमावून बसला होता, हे कान आधी सांगतील, आणि मग ते त्याला कशाच्या मोबदल्यात मिळालं, हे पानं सांगतील. कलावंताचं मोल ठरवताना त्याने किती लोकांना जगवलं, शिकवलं आणि आनंद दिला हेही मोजायला हवं. हे पटलं तर या पुस्तकाचं काम झालं.